हर्षद संख्या की हर्षदा संख्या?

विचारणा अशी आहे: '१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या हर्षद आहे आणि डेम्लोही आहे, असं वाचलं. संख्या स्त्रीलिंगी, मग "हर्षदा" नको का? आणि डेम्लो हा कुठला शब्द?'

आधी हर्षद. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ठेवलेलं हे नाव. हर्ष देणारी ती हर्षद. शेवटचा 'द' संस्कृत 'दा' धातूचा, म्हणजे देण्याचा. वरद, सुखद यांतला तोच. पाणी देतो म्हणून ढगही जलद. संस्कृतात 'हर्षदा संख्या' असंच म्हणावं लागेल. मराठीत मात्र अशी तत्सम विशेषणं सहसा लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. आपण 'सुखद आठवण', 'दुःखद बातमी' म्हणतो, 'सुखदा आठवण' कुणी म्हणत नाही. तेव्हा मराठीत हर्षद संख्याच बरोबर.

अंकांच्या बेरजेने जी निःशेष भागते ती हर्षद. १२ घ्या: १ आणि २ मिळून ३, तिनाने १२ भागतात. गणिती रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ सुद्धा हर्षद आहे. बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. तुमच्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१ येते. ८१ ने भागलं की उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. हे उत्तर पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग आहे. या १२३४५६७९ मध्ये ८ नाही, हे लिहिताना चुकलेलं नाही!

डेम्लो मात्र कुठल्याही धातूतून काढता येणार नाही. ते स्टेशनचं नाव. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेवरच्या या स्टेशनात कापरेकरांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांनी तेच नाव दिलं. हे डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली, असं सांगतात. शब्द असा प्रवासात सापडावा, याचं मला फार अप्रूप आहे.

डेम्लो संख्येत दोन्ही टोकांचे भाग मिळवले की मधला अंक ओळीने उमटतो. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून मधला ६. इथे मधला ९ बाजूला ठेवा आणि १२३४५६७८ मध्ये ८७६५४३२१ मिळवा: ९९९९९९९९.

ही संख्या नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग. कागदावर उभा गुणाकार मांडला की एकांच्या ओळी पायरीपायरीने डावीकडे सरकतात, मधल्या रकान्यात नऊ एक येतात आणि कुठेच हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा पुढे जातो आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. दोन्हीकडून सारखं वाचता येणं तिथेच संपतं.

वाचायची कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात अंकाच्या दर घराला स्वतंत्र नाव आहे. त्या नावांनी ही सतरा अंकी संख्या म्हणजे एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. तिथून उतरण: आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.