पयल्या पगाराच्या आधी

बेटा,

मास्तरकीची ऑर्डर तुह्या हातात पडली, जीव खुश झाला. पण काल फोनवर तू म्हणला का पुढच्या महिन्यापासून गाडीचा हप्ता ५ तारखेले लावतो, तवाच ठरवलं का तुले लिहूनच द्याव.

पगार १ तारखेले व्हावा असा नियम आहे, पण तो खात्यात येईपर्यंत किती टेबलं फिरते ते पाय. मुख्याध्यापक शालार्थवर, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, बिल टाकते, ते पंचायत समितीत जाते, तिथून जिल्हा परिषद, मग कोषागार, अन् अनुदानच आलं नसन तं सगळं तयार असूनही बिल पडून रायते. तुझं तं त्याच्याही आधीचं आहे, शालार्थ आयडी निघाल्याशिवाय बिलात नावच येत नाही. नागपूर विभागात २०२५ मध्ये बोगस आयडीचं प्रकरण उघड झालं, तवापासून कागदं आणखी बारकाईनं तपासतात, ते बरोबरच आहे, पण खऱ्या पोरालेही थांबा लागते.

मले पयल्या शाळेवर सहा महिने एक रुपया भेटला नव्हता. रूमचं भाडं, डबा, एसटी, सगळं उधारीवर. शेवटी बाबानं कापूस विकून माह्या किराण्याचं बिल भरलं, नोकरी लागलेल्या पोराचं! ते मले अजूनही टोचते.

म्हणून गाडी थांबव. शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे ठरावीक मानधनावर, पयली तीन वर्षं महिन्याले १६ हजारच आहेत, २९,२०० ची बेसिक त्याच्यानंतर. तीन महिन्यांचा खर्च जवळ ठेव, नसन तं घरी आताच मोकळं सांग, शरमू नको. अन् पतसंस्थेत कोणाले जामीनदार राहू नको, साहेब म्हणो का मित्र म्हणो, त्यानं हप्ता थकवला तं कपात तुह्या पगारातून होते.

थकलेले महिने बुडत नाही, पुरवणी बिल, म्हणजे मागच्या थकबाकीचं वेगळं बिल, काढून भेटते, पण मागा लागते. तोंडी नाही, अर्ज देऊन पोच घ्यायची. ऑर्डर, रुजू अहवाल, जातवैधता, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स अन् मोबाईलात फोटो. सर्व्हिस बुकात रुजू तारीख बरोबर पडली का ते सोता पाय, बाबूवर सोडू नको.

रविवारी फाईल घेऊन घरी ये. अर्ज मीच लिहून देतो, सोमवारी पंचायत समितीत सोबत जाऊ.

तुहा सर