पंधरा मिनिटांचा पाठ आणि 'छान आहे' म्हणणारे सर

प्रश्न : बाई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी रुजू झाले. पुढच्या शिक्षण परिषदेत आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शिक्षकांपुढे मला पाचवीचा अपूर्णांकाचा पाठ घ्यायचाय, वेळ पंधरा मिनिटं. केंद्रप्रमुखांनी शेजारच्या शाळेतले एक ज्येष्ठ सर मार्गदर्शक म्हणून दिलेत. त्यांना टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, दाखवलं तर म्हणाले, 'छान आहे, न घाबरता घ्या.' टाचणात अपूर्णांकाची ओळख, प्रकार, लहानमोठेपणा आणि बेरीज आहे. साधन म्हणून नऊ फण्यांचा केळीचा घड नेणार आहे, एक फणी म्हणजे एक छेद नऊ. सरांची खरी मदत कशी घ्यावी? ते वयानं मोठे, त्यांना मी 'हे बघा, ते बघा' कसं सांगू?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी घडाचं बोलू. घडाच्या फण्या सारख्या नसतात. दांड्याकडची फणी भरदार, केळफुलाकडची बारकी. अपूर्णांकाचा पाया 'समान भाग' हा, आणि तुम्ही नऊ असमान भाग पोरांपुढं टांगणार! तुमच्याकडची पोरं केळीच्या बागेत वाढलेली. एखादं उठून म्हणेल, 'बाई, वरनी फनी मोठी ऱ्हास' (वरची फणी मोठी असते), आणि सगळं केंद्र मागं बसलेलं असताना तुमची धांदल उडेल. पोराचं मात्र बरोबर असेल.

हे सरांच्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. बहुधा तुम्ही विचारलंच नाही. 'टाचण कसंय?' म्हटलं की भला माणूस 'छान' म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी विचारा, 'सर, यात पोरं कुठं अडतील?' पंचवीस-तीस वर्षं शिकवलेला माणूस या प्रश्नावर खुलतो. ते सांगतील, की एक छेद तीन मोठा की एक छेद चार, असं विचारलं तर अर्धा वर्ग 'चार' म्हणतो, कारण तीनापेक्षा चार मोठा. आणि हो, टाचण पेन्सिलनं लिहून न्या. शाईतलं, मार्जिन आखलेलं टाचण बघितलं की त्यात कुणाला खाडाखोड करवत नाही.

तुमचा पाठ त्या तीन-चारच्या घोळातच आहे, तेवढाच. ओळख, प्रकार, बेरीज काढून टाका. पंधरा मिनिटांत चार घटक म्हणजे पंगतीत वाढपी पळतोय आणि पानात काहीच पडत नाही. दोन सारख्या कागदी पट्ट्या, एकीचे तीन समान भाग, दुसरीचे चार, आणि एकेक भाग शेजारी ठेवून बघायचा. पट्टीची तिघडी पोरांना जमत नाही, म्हणून मोजपट्टीनं खुणा करायला लावा. पट्टी बारा सेंटिमीटरची मात्र घेऊ नका: तीन भाग चार-चार सेंटिमीटरचे आणि चार भाग तीन-तीनचे, असा आकड्यांचा गोंधळ होतो. चोवीसची घ्या, आठ आणि सहा, भानगड नाही. (मी बाराची घेऊन एकदा फसलेय.)

आता पाठाच्या सरावाचं. तुम्ही डी.एड. किंवा बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोटा पाठ घेऊन, तो सुधारून परत घ्यायचा सराव, केलं असेल, बहुतेक वही पूर्ण करण्यापुरतं, जसं आम्ही केलं. ते 1963 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालं. आपल्याकडे एनसीईआरटीनं बसवलेल्या आराखड्यात एक चक्र 36 मिनिटांचं: अध्यापन सहा, प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते बघणाऱ्यानं सांगणं) सहा, पुनर्नियोजन बारा, पुन्हा अध्यापन सहा, पुन्हा प्रत्याभरण सहा. यात सगळ्यात जास्त वेळ कशाला दिलाय बघा. शिकवायला सहा आणि टाचण मोडून परत मांडायला बारा! आपण नेमकी तीच बारा मिनिटं खातो. अध्यापक विद्यालयात मी स्वतः वर्षानुवर्षं निरीक्षणाच्या कागदावर 'आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य' असं लिहून सह्या केल्यात. त्यातून कुणाचा पाठ सुधारला असेल असं मला वाटत नाही.

माझा सुधारला तो शेंगांमुळे. 1984 साली पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत मी नवी होते. तिथले एक म्हातारे गुरुजी माझा पाठ बघायला मागच्या भिंतीला टेकून बसले, खिशात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. पाठ चालू असताना मधूनच टचकन आवाज यायचा. मला राग आला, हा काय माणूस, पाठ चाललाय आणि खातोय! तास संपल्यावर त्यांनी टोपीत गोळा केलेली टरफलं टेबलावर ओतली. म्हणाले, 'तुम्ही प्रश्न विचारून स्वतःच उत्तर दिलं की मी एक फोडली.' मोजल्या तर सतरा. बाकी एक शब्द बोलले नाहीत. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं नेमकं हेच मोजलं होतं, हे मला फार नंतर कळलं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर पोरं जास्त आणि लांब उत्तरं देतात. त्या शेंगांच्या दुसऱ्याच दिवशी मी तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर घेतला, प्रश्न विचारला की मनात तीन अंक मोजत. सहा शेंगा.

तेव्हा सरांना 'माझं काय चुकतं ते बघा' म्हणू नका. मोठ्या माणसाला तसं बोलणं जड जातं आणि मग ते गोड बोलतात. म्हणा, 'सर, माझ्याकडं बघूच नका, पोरांकडं बघा. मागच्या तिघांनी खुणा कुठं केल्या आणि मोठा तुकडा कोणता म्हणाले, तेवढं लिहून ठेवा.' यात मानापमानाचा प्रश्न येत नाही. परिषदेच्या आठवडाभर आधी, शाळा सुटल्यावर तुमच्याच आठ-दहा पोरांवर पाठ घ्या, सर त्या दिवशी येऊ देत. लगेच ओट्यावर बसून टाचण बदला आणि दोन दिवसांनी दुसऱ्या आठ पोरांवर परत घ्या. दुसऱ्या वेळी सर आले नाहीत तरी चालेल, मोबाइल मागच्या बाकावर उभा करून ठेवा.

घड न्यायचाच असेल तर शेवटच्या तीन मिनिटांसाठी न्या. पट्ट्यांचं झाल्यावर विचारा, 'नऊ फण्या आहेत, मग एक फणी म्हणजे घडाचा एक छेद नऊ भाग का?' आणि तीन मोजा.