'वापरकर्ता-केंद्रित आरेखन' हे मराठी आहे का?

प्रश्न असा आहे. एका बाईंचं काम वेबसाइट डिझाइनचं. त्यांना आपल्या कामाची ओळख मराठीत लिहायची आहे. 'युजर-सेंटर्ड डिझाइन'साठी सहकाऱ्याने 'वापरकर्ता-केंद्रित आरेखन' असं सुचवलं. ते चुकीचं वाटत नाही, पण आपलंही वाटत नाही, असं त्या म्हणतात. शिवाय 'वापरकर्ता' हा शब्द मुळात शुद्ध आहे का, ही शंका आहेच.

आधी शंकेचं बघू. 'वापर' हा घरचा शब्द आणि 'कर्ता' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, मग या दोघांचा समास कसा होईल, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. पण 'तक्रारकर्ता' आपण बिनदिक्कत लिहितो आणि तक्रार तर मूळची अरबी. तेव्हा 'वापरकर्ता'वर शुद्धतेचा खटला भरण्यात अर्थ नाही. शेतकरी, गावकरी यांच्या चालीवर 'वापरकरी' झाला असता तर मला जास्त आवडलं असतं, पण तो झाला नाही. 'वापरकर्ता' फोनच्या आणि संगणकाच्या पडद्यांवर रुळला आहे, तो ठेवावा.

त्याचे प्रतिस्पर्धी फारसे कामाचे नाहीत. 'उपभोक्ता' म्हणजे वस्तू संपवणारा गिऱ्हाईक. 'प्रयोक्ता' हिंदीत चालतो, पण मराठी कानाला त्यात नाटकाचा किंवा प्रयोगशाळेचा प्रयोग ऐकू येतो. 'उपयोक्ता' निर्दोष आहे आणि निर्जीवही. 'ग्राहक' मात्र खरोखर घोटाळा करतो. वेबच्या धंद्यात काम देणारा क्लायंट वेगळा आणि ती साइट रोज उघडणारा माणूस वेगळा. दोघांनाही 'ग्राहक' म्हटलं की 'ग्राहकाला हा रंग आवडला नाही' या वाक्यात नेमकं कोणाला आवडलं नाही तेच कळत नाही. सगळा वाद तर तिथेच असतो!

जोडशब्दाचं थोडक्यात. मधली रेघ नको, मराठीत समास जोडून लिहितात. संस्कृत नियमाने 'श्रोतृवर्ग'सारखं 'वापरकर्तृकेंद्रित' व्हायला हवं, असं कोणी म्हणेल. पण समासाचं पहिलं पाऊलच संस्कृतबाहेर पडलं असताना दुसऱ्याला सोवळं नेसवण्याचं कारण नाही. 'बालकेंद्री', 'स्त्रीकेंद्री' आपल्याकडे आहेतच, त्यांच्या पंक्तीला 'वापरकर्ताकेंद्री' बसतो. 'आरेखन' मात्र काढून टाका. त्यात रेखाटणं आहे, आणि तुमचं बरंचसं काम पडद्यावर रेघ उमटायच्या आधीच होतं: अर्जात कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणता विचारायचाच नाही, चूक झाली तर माणसाला कुठे परत न्यायचं. 'रचना' चालेल. 'डिझाइन' तर मराठीच झाला आहे.

आता परकेपणाबद्दल. शब्द बदलून तो जाईल असं मला वाटत नाही. 'वापरकर्ता' कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे ठरलं तर जाईल.

जिथे एका पक्षाला दुसऱ्यापासून वेगळं करायचं असतं, तिथे हा शब्द चोख काम करतो. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एचटीएमएलसाठी, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यासाठी, २००७ साली जी तत्त्वं मांडली त्यांत एक सुरेख उतरंड आहे. हितसंबंधांचा झगडा झाला तर आधी वापरकर्त्यांचा विचार करा, मग पानं लिहिणाऱ्यांचा, मग ब्राउझर बनवणाऱ्यांचा, मग मानकं लिहिणाऱ्यांचा आणि सगळ्यात शेवटी तात्त्विक शुद्धतेचा. (शेवटचं कलम भाषाशुद्धीवाल्यांनीही भिंतीवर लावायला हरकत नाही.) इथे 'वापरकर्ता'ला पर्याय नाही, कारण वाक्यच भूमिकांबद्दल आहे.

तोच शब्द पडद्यावर आला की वाक्य सरकारी नोटीस होतं. 'वापरकर्त्याने आपला संकेतशब्द प्रविष्ट करावा.' वाचणारा मनात म्हणतो, हा कोण वापरकर्ता? अहो, मीच की! समोर बसलेल्या माणसाशी त्याच्याबद्दल तृतीयपुरुषात बोलणं मराठीत एकतर कोर्टात चालतं नाहीतर भांडणात. 'पासवर्ड टाका' एवढं पुरतं.

'तुम्ही' म्हणून बोलायला लागलं की मात्र दुसरं कोडं पुढे येतं आणि ते निव्वळ मराठीचं आहे, इंग्रजी मजकुरात ते दिसतच नाही. 'तुम्ही लॉग-आउट झाला आहात' हे वाक्य पुरुषाशी बोलतं. बाईला 'झाल्या आहात' हवं. मग कोणी तिरकी रेघ मारून 'झाला/झाल्या' असं लिहितं आणि पडदा फॉर्मासारखा दिसू लागतो. इलाज मराठीतच आहे. 'तुम्ही लॉग-आउट केलं आहे' म्हटलं की क्रियापद कर्त्याकडे न बघता कर्माकडे बघतं, आणि लिंगाचा प्रश्नच उरत नाही. 'पासवर्ड विसरलात?' यात क्रियापद कर्त्याकडेच बघतं, पण हे रूप दोघांना सारखं लागू. शाळेत कर्मणी आणि भावे प्रयोग पाठ करताना त्यांचा उपयोग बटणावरच्या मजकुराला होईल असं कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरी जागा म्हणजे तुमचे अहवाल आणि मीटिंगा. 'युजरला हे कळणार नाही' हे वाक्य तिथे दिवसातून कितीदा तरी पडतं, आणि बहुतेक वेळा त्यातला युजर म्हणजे बोलणारा स्वतः असतो. वापरसुलभतेची आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ९२४१-११ या मानकातली व्याख्या (१९९८ची, २०१८ साली सुधारलेली) याबाबत कडक आहे. तिच्या मते विशिष्ट वापरकर्त्यांना, विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट उद्दिष्टं कितपत परिणामकारकपणे, कमी श्रमांत आणि समाधानाने गाठता येतात, ते बघायचं. म्हणजे 'विशिष्ट' तीनदा आलं. नुसता 'वापरकर्ता' या व्याख्येत बसतच नाही.

इथे मराठीचा '-णारा' हा प्रत्यय कामाला येतो. 'वापरकर्त्यांना तारीख निवडताना अडचण येते' याऐवजी 'पहिल्यांदाच तिकीट काढणाऱ्यांना तारीख निवडताना अडचण येते' असं लिहून बघा. '-णारा' लावायचा तर आधी धातू निवडावा लागतो, आणि धातू निवडायचा तर तो माणूस काय करायला आला आहे हे ठाऊक असावं लागतं. 'वापरणारे' म्हणून सुटका करून घेता येते, पण ती पोकळ आहे हे वाचताना लगेच दिसतं. कारण वेबसाइट वापरायला म्हणून कोणी वेबसाइटवर येत नाही. येतात ते बिल भरायला, निकाल बघायला, तक्रार करायला.

'युजर एक्सपिरियन्स' तुम्ही विचारलं नाहीत, पण ओळख लिहिताना तो येईलच. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन १९९३ साली अॅपलमध्ये गेले आणि त्यांनी हे शब्द स्वतःच्या पदनामात घातले, तेव्हापासून ते धंद्यात पसरले. 'वापरकर्ता अनुभव' हे त्याचं प्रचलित भाषांतर म्हणजे विभक्तीशिवाय शेजारी उभी केलेली दोन नामं, आणि ही ठेवण इंग्रजीची. मराठीला 'वापराचा अनुभव' हवा, नाहीतर 'वापरानुभव'. त्यातही नोकरीच्या जाहिरातीत जपा: 'वापरकर्ता अनुभव : ३ वर्षे' यातून नक्की काय मागितलंय कोण जाणे.

तर तुमच्या ओळखीत मी असं लिहीन: 'आम्ही वेबसाइट बनवतो. ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना आधी भेटतो, ते काम कसं करतात ते बघतो आणि कच्चा आराखडा त्यांच्याच हातात देऊन तपासतो.' पद्धतीचं नाव हवंच असेल तर पुढे 'वापरकर्ताकेंद्री डिझाइन' एकदा येऊ द्या. कोणी 'मानवकेंद्री' सुचवलं तर तेही चूक नाही. आयएसओ ९२४१-२१० मध्ये तोच शब्द जाणूनबुजून घेतला आहे, कारण डिझाइनचा परिणाम ते न वापरणाऱ्यांवरही होतो. पण वेबवाल्यांच्या तोंडी 'युजर'च आहे.

राहिलं अनेकवचन. बोलताना 'युजर्सना' म्हणतात, पण त्यात इंग्रजीचा 'स' आणि वर मराठी प्रत्यय, असा दुहेरी थाट आहे. आपण 'डॉक्टरांना' म्हणतो, 'डॉक्टर्सना' नाही. तसं 'युजरांना' लिहा. आठवडाभर विचित्र वाटेल.