टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तरी माणसं का मरतात?

"गोळ्या सोडल्या असतील." दादाच्या दहाव्यालाच आमचे चुलते हे बोलले आणि भावकीत आजही तेच बोललं जातं. म्हणून उत्तर लिहितेय.

दादा इचलकरंजीत यंत्रमागावर होता, बारा तासांची पाळी. 2019 च्या उन्हाळ्यात खोकला सुरू झाला. गल्लीतल्या डॉक्टरांनी अडीच महिने खोकल्याचं औषध आणि इंजेक्शनं दिली, थुंकी तपासायला सांगितलीच नाही. वहिनीनेही कुणाला कळू दिलं नाही, कारण पुतणीला स्थळं येत होती. शेवटी सरकारी दवाखान्यात नेला तेव्हा साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं वजन 37 किलो. रक्तातली साखर 300 च्या वर, ती कधीपासून होती देव जाणे. गोळ्या लगेच सुरू झाल्या. रोज सकाळी मी समोर बसून द्यायचे. एक दिवस चुकला नाही. रिकामी पाकिटं अजून माझ्या कपाटात आहेत. चाळिसाव्या दिवशी दादा गेला.

गोळ्या जंतू मारतात, पण तोवर माणूस तगायला हवा. टीबीचे बरेचसे मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांतच होतात. तमिळनाडूत 2022 पासून निदान होताच वजन-उंची, पायावरची सूज, श्वास, ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभं राहता येतं का, एवढं बघतात. गंभीर असेल त्याला दाखल करतात. दादाला भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं, तरी गोळ्या देऊन घरी पाठवलं. झारखंडमध्ये रुग्णांना दरमहा 10 किलो शिधा देऊन अभ्यास झाला, 2023 मध्ये छापून आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला. आमच्याकडे पाळी बंद म्हणजे पगार बंद, अर्धा लिटर दूध सहा जणांत. पोषणाचे महिना 500 रुपये (2024 च्या नोव्हेंबरपासून 1000 झालेत) दादाच्या खात्यात आले ते तेराव्यानंतर.

गोळ्या सोडल्याने, दारूने, एचआयव्हीमुळे, औषधाला दाद न देणाऱ्या टीबीनेही माणसं जातात, ते नाकारत नाही. मी डॉक्टर नाही. पण घरात पेशंट असेल तर साखर तपासा, दर आठवड्याला वजन करा आणि उभं राहवत नसेल तर दाखल करून घेईपर्यंत दवाखान्यातून हलू नका.

चुलत्यांना मी परवा ती पाकिटं दाखवली. म्हणाले, "मग पीत असेल." दादाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.