पहिलटकरणी गायब होत नाहीत हो, माहेरी जातात

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोपच येईना. बाळाच्या दुधाची-निगेची माहिती कुठल्या पद्धतीनं दिली तर बरी हे बघायचा तुमचा अभ्यास, सोळा गावं, आठ गावांत फ्लिपचार्ट (पानं उलटत दाखवायची चित्रं) घेऊन घरभेटी, आठ गावांत मोबाईलवर व्हिडिओ, सगळ्या पहिल्यांदा आई होणाऱ्या मुली, आणि बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर परत गेलात तर निम्म्या घरांना बाळंतीणच नाही. वर तुमचे गाईड म्हणतात त्याच गावातल्या दुसऱ्या बाळंतिणी घ्या आणि आकडा पूर्ण करा. हे सगळं मी २०१४ मध्ये जसंच्या तसं भोगलंय, फक्त आमच्याकडं व्हिडिओच्या जागी कापडी बाहुली होती. म्हणून लिहायला बसले, लांबलचक होणार आहे, चहा घेऊन वाचा.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र तर माझं कायमच कच्चं. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करून एका संस्थेतर्फे जालना-बीड पट्ट्यात सहा वर्षं फिल्डवर होते, आता वेगळंच काम करते. तेव्हा माझा शब्द शेवटचा समजू नका, गाईडशी बोलूनच काय ते ठरवा. एथिक्स कमिटी, संमतीपत्रं, प्रश्नावलीचं पायलट वगैरे तुमचं झालंच असणार, त्यावर काही लिहीत नाही.

आमची चूक अशी की कुठल्या गावात कुठली पद्धत याच्या चिठ्ठ्या टाकल्या, गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडून गरोदर बायांची यादी घेतली, त्यातल्या पहिलटकरणी वेगळ्या काढल्या आणि कामाला लागलो. यादी कुठली, तर सासरच्या गावाची. टीममध्ये आम्ही पाच जणी, त्यातल्या तिघींची स्वतःची पहिली बाळंतपणं माहेरी झालेली, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही की सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं की आठव्यात आई नाहीतर भाऊ येऊन मुलीला घेऊन जातो, आणि ती परत येते ते बाळ दीड महिन्याचं, तीन महिन्यांचं, कधी पाच महिन्यांचं झाल्यावर. आम्ही दोन महिन्यांनी गेलो तर ६४ पैकी २७ जणी सापडल्या. सासवा म्हणायच्या, "ती कुठंय आता, पहिलं बाळंतपण हाय ना."

बरं नुसत्या सापडल्या नाहीत एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. आम्ही सासवांच्या वेगळ्या बैठका घेतल्या होत्या, कारण ट्रेनिंगमध्ये सगळीकडं हेच सांगतात की घरात निर्णय सासूचा असतो. असतो ना, दुसऱ्या बाळंतपणाला असतो! पहिल्याला पहिले चाळीस दिवस सासू तिथं नसतेच. चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पाजायचा का पिळून टाकायचा, मध चाटवायचा का, घुटी कधी सुरू करायची, बाळंतिणीला पाणी किती द्यायचं, हे सगळं मुलीची आई ठरवते, आणि त्या आईला आम्ही एकदाही भेटलो नव्हतो. आशांचंही तेच. घरी येऊन बाळ बघायच्या आशाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात, म्हणजे सगळ्या माहेरच्या आशाच्या वाट्याला. आम्ही दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं ते सासरच्या आशांना.

शेवटी मी एकीच्या माहेरी गेले, दोन एसट्या बदलून. मुलगी हुशार, सासरी आमच्या पाचही सत्रांना बसलेली. मी विचारायच्या आधीच घडाघडा बोलायला लागली, जन्मल्यावर तासाच्या आत दूध, चीक टाकायचा नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही. आणि शेजारी तिची आई सहाणेवर घुटी उगाळत बसलेली, हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, सगळं ताटलीत मांडून. मी बघतेय म्हटल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम मला समदं येतंय, पण आईला म्या कसं सांगू?" आमच्या फॉर्मवर तिला दहापैकी दहा होते. त्या दिवशी परतीच्या एसटीत मला रडू आलं, खरं सांगते.

त्यात अजून एक गोची. सोयरिकी आसपासच्याच गावांत होतात, त्यामुळे फ्लिपचार्टच्या गावातली मुलगी बाळंतपणाला बाहुलीच्या गावात, बाहुलीच्या गावातली तिसरीकडंच. सहा जणी अशा निघाल्या ज्यांनी दोन्ही प्रकार ऐकले होते. आता यातून कुठली पद्धत बरी ठरली ते काय कपाळ सांगणार? अहवालात "दोन्ही गटांत ज्ञानात वाढ" असं लिहून मोकळे झालो. अशी वाढ होतेच हो, आज सांगितलेलं आजच विचारलं तर कोणीही बरोबर सांगेल.

आता तुमच्या गाईडचा सल्ला. माझं स्पष्ट मत, तसं करू नका. पहिल्या खेपेला सासरीच राहणारी मुलगी कोण असते बघा. जिची आई नाही, जिनं घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलंय, जिचं माहेर त्याच गावात आहे, नाहीतर माहेरच्यांना खर्च झेपत नाही. त्या तुमच्या आधीच्या मुलींसारख्या नसतातच. आणि त्यांना तुमची सत्रंही मिळालेली नाहीत, मग मोजणार काय? त्यापेक्षा आहे तो नमुना लहान ठेवा, प्रत्येकीला ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात मोजा, मग ती बाळंतपणाला कुठंही गेलेली असो, आणि सापडल्या नाहीत त्या का नाहीत याची सरळ यादी द्या. परीक्षक ओरडले तर ओरडू देत.

सापडतात त्या, फक्त आधी विचारायला हवं. पहिल्याच भेटीत, "बाळंतपणाला कुठं जाणार? तिथं कोण करणार?" गाव, तालुका, तिथल्या आशाचं नाव, आणि फोन नंबर तीन, तिचा, नवऱ्याचा आणि आईचा किंवा भावाचा. नवऱ्याचा एकटा घेतलात तर तो पुण्याला कंपनीत असतो आणि तुमचा फोन उचलत नाही. नाव दोन्ही लिहा. आमच्या यादीत सासरचं नाव, तिकडच्या रजिस्टरला माहेरचं, आणि काही घरांत लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात, त्यामुळे एकच मुलगी आम्ही दोन महिने दोन समजत होतो. आता गरोदरपणाच्या कार्डावर आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, असतो तो टिपून घ्या, नावापेक्षा तो खात्रीचा.

यावरून आठवलं. माहेरच्या नोंदी मिळाव्यात म्हणून मी एका कार्यालयात सात चकरा मारल्या, नाव घेत नाही. पहिल्यांदा म्हणाले अर्ज आवक-जावकला द्या, मग साहेब मीटिंगला, मग अर्जावर संस्थेचा गोल शिक्का हवा चौकोनी चालत नाही, मग म्हणाले ती बाई आमच्या हद्दीतली नाही तर आमच्याकडं कशी असेल. अहो ती तुमच्याच हद्दीत बाळंत झाली! सातव्या खेपेला कळलं की अर्ज पहिल्या दिवसापासून त्याच टेबलाच्या खणात होता. आणि माहिती शेवटी दिली ती उपकेंद्राच्या सिस्टरनं, फोनवर, पाच मिनिटांत. पत्र जरूर द्या, नियम आहे, पण पत्राच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका.

तुमच्या पद्धतीबद्दल, विचारलं नाहीत तरी सांगते. फ्लिपचार्ट की व्हिडिओ यावर फार जीव जाळू नका, कोणाला आणि कधी सांगितलं याचा फरक मला जास्त वाटतो. झारखंड-ओडिशात एकजुट संस्थेनं महिला गटांच्या बैठका घेतल्या, चित्रकार्डं दाखवून बायांनाच अडचणी शोधायला आणि त्यावर उपाय ठरवायला लावले, तिथं तीन वर्षांत नवजात मृत्यूदर ३२ टक्क्यांनी कमी निघाला, २०१० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. तशाच धर्तीच्या गटबैठका मुंबईच्या वस्त्यांमध्ये स्नेहा संस्थेनं घेतल्या, ४८ वस्त्या, निम्म्यांत बैठका निम्म्यांत नाही, आणि बाळांच्या मृत्यूदरात तसा फरक दिसला नाही. कल्पना तीच, जागा वेगळी. सरकारच्या किलकारी या फोनसेवेचे ७२ रेकॉर्ड केलेले निरोप चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत फोनवर येतात, मध्य प्रदेशात त्याची मोठी चाचणी झाली तर निव्वळ स्तनपानात, म्हणजे बाळाला फक्त आईचंच दूध देण्यात, फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही, पण हे माझं मत, त्या अभ्यासाचं नाही. फोन खिशात कोणाच्या असतो ते तुम्ही पाहिलंच असेल.

मला आज परत करायला मिळालं तर मी एक सत्र डोहाळेजेवणाच्या दिवशीच ठेवीन. आई येते, मावशी येते, सासू असतेच, सगळ्या एका घरात आणि खुशीत. ओटी भरून झाल्यावर वीस मिनिटं द्या म्हणायचं. आम्ही प्रकल्प संपता संपता तीन घरी हे करून बघितलं, एका ठिकाणी दोन्ही विहिणींची घुटीवरून जुंपली आणि आम्ही नुसतं ऐकत बसलो, त्या भांडणात जेवढं कळलं तेवढं आमच्या प्रश्नावलीतून वर्षभरात कळलं नव्हतं. तीन घरांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. आणि घुटीवर आल्या आल्या तुटून पडू नका, ती आईच्या आईपासून चालत आलेली असते, "चुकीचं आहे" म्हटलं की तुमच्यापुढं बंद होते आणि मागं चालू राहते.

प्रश्न विचारताना "बाळाला दुधाशिवाय काही देता का" असं विचारू नका, शंभरातल्या शंभर जणी नाही म्हणतील, कारण घुटी, मध, गुळाचं पाणी, ग्राइप वॉटर हे त्यांच्या लेखी "काही" नसतंच. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत असं धरून एकेक वस्तूचं नाव घेऊन विचारा, पाणी? घुटी? साखरेचं पाणी? वरचं दूध? डॉक्टरनं दिलेलं औषध आणि व्हिटॅमिनचे थेंब वेगळे लिहा, त्यानं निव्वळ स्तनपान मोडत नाही. आणि हे सत्र घेणाऱ्या ताईनं विचारू नये, दुसरीनं विचारावं, नाहीतर मुली तुम्हाला खूश करायला उत्तरं देतात.

गोळ्यांचंही तसंच, "घेतल्या का" विचारलं की हो, पाकिटं आणायला सांगितली की अर्धी भरलेली. गरोदरपणात १८० लोहाच्या गोळ्या सांगितल्यात, आमच्याकडं निम्म्याही पोटात गेल्या नव्हत्या.

वयाचंही बघा. आमच्या यादीत जवळजवळ सगळ्या १९ वर्षांच्या होत्या. इतक्या १९ वर्षांच्या मुली एका तालुक्यात असतात यावर तुमचा विश्वास असेल तर असो. अठराच्या आतली निघाली तर काय करायचं ते एथिक्स कमिटीकडून आत्ताच लेखी घ्या, पोक्सोमुळे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवण्याचा प्रश्न येतो आणि तिथं फिल्डवरच्या ताईनं एकटीनं निर्णय घ्यायचा नसतो.

आणि तुमचा तालुका ऊसतोडीचा असेल तर सप्टेंबरमध्ये पहिली पाहणी करून दिवाळीनंतर पाठपुरावा अजिबात धरू नका, टोळ्या गेल्या की मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाहीत, पोटुशा मुलीसुद्धा जातात, ऊसतोड सोडायची तर मुकादमाकडून आधी घेतलेली उचल कोण फेडणार.

प्रश्नावली पाठवायची असेल तर पाठवा, बघते, पण महिनाअखेर आहे त्यामुळे आठवडाभर उत्तर आलं नाही तर परत आठवण करा. आणि त्या निम्म्या मुलींच्या आयांचे नंबर आजच आशाताईंकडून मागून घ्या, त्या बाळंतिणी अजून माहेरीच असतील.