शंभरचा प्लॅन पुरत नाही, की राउटरची जागा चुकलीये?

प्रश्न : नमस्कार. आम्ही डोंबिवलीला टू बीएचकेमध्ये राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. मिस्टरांचं आठवड्यातून तीन दिवस वर्क फ्रॉम होम असतं, मागच्या बेडरूममध्ये बसतात आणि कॉलवर सारखे अडकतात, समोरचे म्हणतात तुमचा आवाज तुटतोय. मुलगा म्हणतो स्पीड वाढवा. केबलवाल्यांचा माणूस आला होता, तो म्हणाला ३०० चा घ्या, महिन्याला ३०० रुपयेच जास्त पडतील. घ्यावा का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, एवढ्यात पैसे भरू नका, आधी घरातलाच हिशेब करून बघू. समजा रात्री आठ वाजता सगळेच नेटवर आहेत. टीव्हीवर 4के पिक्चर चालू आहे, त्याला नेटफ्लिक्सच १५ एमबीपीएस सांगतं (साध्या फुल एचडीला ५ पुरतात). मिस्टरांचा व्हिडिओ कॉल आहे, त्याला चांगल्या क्वालिटीत ४ धरा. एका मुलाचा ऑनलाइन क्लास, आणखी ४. दुसरा फोनवर व्हिडिओ बघतोय आणि सासूबाई त्यांचं कीर्तन लावून बसल्यात, दोघांचे मिळून १० धरू. झाले किती, ३३. म्हणजे सगळं घर एकाच वेळी नेटवर तुटून पडलं तरी तुमच्या १०० मधले दोन तृतीयांश शिल्लकच राहतात, आणि जे शिल्लक राहतंय ते चौपट करून मिस्टरांचा कॉल काही सुधारणार नाही.

मग कॉल तुटतो का, तर "मागच्या बेडरूममध्ये" हे तुम्हीच लिहिलंय. माझी मावसबहीण ठाण्याला राहते, तिच्याकडे अगदी हेच चाललं होतं. राउटर होता टीव्हीच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, बाजूला स्टीलची फुलदाणी आणि सेट टॉप बॉक्स, आणि वर काचेचं दार, ते पण बंद. मी फोनवर स्पीड टेस्ट लावून घरभर फिरलो. सोफ्यावर बसून ८८ आला, किचनच्या दारात ३०, आणि आतल्या बेडरूममध्ये पलंगावर बसलो तर ७. कंपनी ८८ घरात आणून देत होती आणि मधल्या दोन भिंती ते खाऊन टाकत होत्या. वायर थोडी लांबवून राउटर पॅसेजमध्ये माळ्याच्या खाली, उघड्यावर लावला, तर त्याच पलंगावर ४६ मिळायला लागला, प्लॅनला हातसुद्धा लावला नाही.

भिंतींचं असं आहे की राउटर दोन प्रकारच्या लहरींवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाली वेगवान पण भिंत आली की दमते, २.४ वाली लांबपर्यंत जाते पण मुळातच हळू, शिवाय त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तुमच्या फोनमध्ये वाय-फायची यादी उघडून बघा, सोसायटीतली पंधरा-वीस नावं तरी दिसतील, त्यातली २.४ वरची सगळी या तीन चॅनलवर दाटीवाटीने बसलेली असतात. मागच्या खोलीतला लॅपटॉप बहुतेक वेळा २.४ वरच असतो. तुम्ही ३०० काय, ५०० चा प्लॅन घेतला तरी तिथे पोचणार तेवढंच.

तेव्हा पहिलं काम, राउटर घराच्या मध्यावर, उंच, उघड्यावर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर हॉलमधून बेडरूमपर्यंत कॅट सिक्सची (नेटसाठीची) वायर टाकून घ्या आणि मिस्टरांचा लॅपटॉप वायरवरच चालवा, कामाच्या कॉलसाठी यापेक्षा खात्रीचं काही नाही. ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे वर्षाला ४,२४८ रुपये जास्त जाणार होते, वायर आणि लावायची मजुरी याच्या निम्म्यातही होऊन जाईल, आणि तो खर्च एकदाच.

अजून एक, कॉल तुटतो त्या वेळी कोणाच्या फोनमधून फोटोंचा बॅकअप तर चालू नसतो ना ते बघा. अपलोड, म्हणजे घरातून बाहेर जाणारी वाट, पूर्ण भरली की कॉल अडखळतो आणि तेव्हा डाउनलोडचा आकडा कितीही मोठा असला तरी उपयोग नसतो.

मुलाचं म्हणणं असेल की वेबसाइट तरी पटापट उघडतील. त्याला सांगा, गूगलमध्ये असताना माइक बेल्शे यांनी २०१० मध्ये हे मोजून बघितलं होतं, स्पीड ५ वरून १० केला तर पान उघडायच्या वेळेत फरक पडला जेमतेम ५ टक्के. तेव्हाची पानं हलकी होती हे मान्य, आज आकडे वेगळे येतील, पण कारण तेच आहे. पान उघडताना फोन आणि सर्व्हर यांच्यात बऱ्याच छोट्या छोट्या फेऱ्या होतात, तिथे प्रत्येक फेरीला लागणारा वेळ महत्त्वाचा, त्यालाच मुलं पिंग म्हणतात. रस्ता चार पदरी केला म्हणून गावाचं अंतर कमी होत नाही ना, तसं.

प्रश्न : मी ३०० चा प्लॅन घेतला. राउटरला थेट वायर लावून लॅपटॉपवर टेस्ट केली तरी ९४ च्या वर एकदाही गेला नाही. कंपनी फसवतेय का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ९४ हा आकडा वाचल्यावरच कळलं काय झालंय ते. तुमच्या वाटेत कुठेतरी १०० चं गेट आहे. स्वस्तातल्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ च निघतो, प्लॅन कितीचा आहे याचा त्याच्याशी संबंधच नाही. राउटरखालच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो, तो शोधून पोर्ट "गिगाबिट" (म्हणजे १००० एमबीपीएसचे) आहेत का ते बघा.

पोर्ट गिगाबिट असूनही ९४ येत असेल तर वायर बघा, आणि हे मी स्वतः भोगलंय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी घाबरून मोठा प्लॅन घेतला, दोघांचं ऑफिस घरून आणि मुलीची शाळा पण घरून, आणि टेस्ट लावली की रोज ९४. कस्टमर केअरला चार वेळा तक्रार केली, प्रत्येक वेळी राउटर बंद करून चालू करा एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी एक तरुण मुलगा आला, त्याने वायरच्या टोकाचा जॅक उजेडात धरला आणि मला म्हणाला, सर हे बघा. आत आठ बारीक तारा असतात, आधीच्या माणसाने चारच जोडल्या होत्या, बाकीच्या चार मागे कापून टाकलेल्या. चार तारांवर १०० चालतो, त्याच्या वर जायचं तर आठही लागतात. त्याने नवीन जॅक क्रिम्प केला (पकडीने दाबून बसवला), पाच मिनिटांचं काम, आणि मी सात महिने जास्तीचे पैसे भरत होतो. म्हणून सांगतो, जॅक प्लॅस्टिकचा पारदर्शक असतो, डोळ्यांनी मोजा, आठ रंग दिसले पाहिजेत.

प्रश्न : १०० चा प्लॅन आहे पण पिक्चर डाउनलोड करताना १२ च दाखवतो. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बरोबर येतोय. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबिट), डाउनलोड मेगाबाइटमध्ये दाखवतात, ८ बिटचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, घरूनच. एका लग्नाचं रॉ फुटेज २०० जीबीच्या घरात जातं आणि ते क्लाउडवर चढवावं लागतं. तुम्ही नेहमी मोठा प्लॅन नको म्हणता, आमच्यासाठी पण नको का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्यासाठी घ्या, डोळे झाकून घ्या, फक्त अपलोडचा आकडा विचारून घ्या. हिशेब बघा, २०० जीबी चढवायला २० च्या अपलोडला २२ तास लागतात, १०० ला साधारण साडेचार आणि ३०० ला दीड. सीझनमध्ये आठवड्याला दोन-तीन लग्नं असतील तर हा फरक म्हणजे तुमची झोप आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोड, काही प्लॅनमध्ये अपलोड त्याच्या बराच खाली असतो. घरोघरी जी फायबर येते ती बहुतेक जीपॉन पद्धतीची, त्यात एका लाइनवर खाली यायला सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जायला १.२५, आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं. म्हणजे वर जायची वाट मुळातच निम्मी आहे, पण म्हणून तुम्हाला दहावा हिस्सा द्यावा असं काही नाही, दोन्हीकडे सारखा स्पीड देणारे प्लॅन मिळतात. आणि महिन्याची डेटा लिमिट पण विचारा, बऱ्याच "अनलिमिटेड" प्लॅनमध्ये ३,३०० जीबीनंतर स्पीड पाडतात. सोळा-सतरा लग्नांत तुम्ही तिथे पोचाल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आई-अण्णा देवगड तालुक्यात. त्यांच्याकडे ३० चा प्लॅन आहे, व्हिडिओ कॉल मध्येच जातो आणि मग दोन-दोन दिवस लागत नाही, पावसात तर जास्तच. इथून पैसे भरून १०० चा करून देऊ का? – एक वाचक

उत्तर : नको. दोघांच्या व्हिडिओ कॉलला ३० भरपूर झाले. सरकारी व्याख्येत तर २०२३ च्या जानेवारीपर्यंत ५१२ केबीपीएसलाच (जेमतेम अर्धा एमबीपीएस) ब्रॉडबँड म्हणत होते, तेव्हा कुठे ते २ एमबीपीएस केलं. तेवढ्यावर समाधान मानावं असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण कॉल मध्येच जातो आणि दोन दिवस येत नाही हे स्पीड कमी असल्याचं लक्षण नव्हे, लाइनच बंद पडतेय. कोकणात पावसात दोन गोष्टी होतात, एक लाइट जाते, आणि दुसरं, झाडाची फांदी पडून खांबावरची फायबर तुटते. १०० चा प्लॅन पण त्याच फायबरवरून येणार.

जे पैसे पाठवणार होतात त्यात राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेऊन द्या, भिंतीवरचा फायबरचा बॉक्स आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही चालतील असा, अडाप्टरवरचा आकडा अण्णांना वाचायला सांगून मगच मागवा. लाइट गेली तरी एक-दोन तास कॉल चालू राहील. आणि अण्णांना फोनवरच एक गोष्ट शिकवा. त्या बॉक्सवर एलओएस लिहिलेला बारीक दिवा असतो, तो लाल लागला की फायबर तुटली, अशा वेळी बटणं दाबत बसू नका, सरळ केबलवाल्याला फोन करून "लाल दिवा लागलाय" एवढंच सांगा, तो समजेल. त्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून बॉक्सशेजारीच भिंतीला चिकटवून ठेवायला सांगा, आणि एक नंबर तुमच्याकडेही असू द्या, कारण नेट बंद असताना त्यांचा तुम्हाला कॉल येणार नाही, तुम्हालाच तिथून तक्रार करावी लागेल.