१०,००० दिवसांची वर्षं, महिने, दिवस कसे काढायचे? आधी ३६५ ने आणि मग ३० ने भागलं तर चालेल का?

नाही चालणार. जरा तावातावाने लिहितोय, कारण हीच रीत प्रोग्रामिंगच्या पहिल्या काही धड्यांत सर्रास शिकवतात. तिच्यात ३६४ दिवस घालून बघा: वर्षं ०, महिने १२, दिवस ४. बारा महिने भरले, पण वर्ष काही झालं नाही! ३६० ते ३६४ मधला कुठलाही आकडा असाच अडकतो, कारण महिने ३० चे धरले तर बाराचे ३६० होतात आणि वर्ष मात्र ३६५ चं धरलंय. "मुलांना भागाकार आणि बाकी शिकवायचीय, लीप वर्ष कशाला मधे आणता?" हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. मग मिनिटांचे तास करायला द्या ना. तिथे ६० हे ६० च राहतात.

तुमच्या रीतीने १०,००० दिवसांचे येतात २७ वर्षं, ४ महिने, २५ दिवस. आता १ जानेवारी १९९० पासून नीट मोजा. २७ वर्षं पुढे गेलात की १ जानेवारी २०१७. मधे २९ फेब्रुवारी सात वेळा आली, म्हणून ९,८५५ + ७ = ९,८६२ दिवस संपले, उरले १३८. जानेवारी ते एप्रिल ३१ + २८ + ३१ + ३० = १२०, म्हणजे ४ महिने, आणि वर १८ दिवस. तारीख १९ मे २०१७. सात दिवसांचा फरक त्या सात लीप दिवसांचाच. पण हेच १ ऑगस्ट १९९० पासून मोजलं तर उत्तर २७ वर्षं, ४ महिने, १६ दिवस! ऑगस्ट ते नोव्हेंबर १२२ दिवस खातात. म्हणजे सुरुवातीची तारीख दिल्याशिवाय या प्रश्नाला एकच नेमकं उत्तर नाही.

तारीख नसेल तर महिन्यांच्या नादी लागू नका. ३६५.२४२५ ने भागा आणि २७.३८ वर्षं म्हणून सोडून द्या (४०० वर्षांत ९७ लीप वर्षं, एकूण १,४६,०९७ दिवस, त्याची ही सरासरी). .३८ म्हणजे ३८ दिवस नव्हेत, हे सांगायला लागू नये, पण लागतं. आठवडे मात्र बिनधास्त काढा: १,४२८ आठवडे, ४ दिवस.

अर्थात परीक्षेत "वर्ष ३६५ दिवसांचं, महिना ३० चा धरा" असं छापलं असेल तर मुकाट्याने तसं करा. व्याजाच्या करारात ३६० चं वर्ष लिहिलं असेल तर तेच खरं. आणि पहिला व शेवटचा, दोन्ही दिवस धरायचे असतील तर एक वाढतो, ते आधीच ठरवून घ्या.

एक्सेलमधे डेटडिफ (दोन तारखांमधलं अंतर काढणारं फंक्शन) वापरणार असाल तर 'वाय' (पूर्ण वर्षं) आणि 'वायएम' (वर्षं सोडून उरलेले महिने) ठीक आहेत. 'एमडी' (महिने सोडून उरलेले दिवस) महिन्याच्या टोकाच्या तारखांना चुकतं, कधी उणे उत्तरही देतं. उरलेले दिवस काढायला ईडेट या फंक्शनने सुरुवातीच्या तारखेत पूर्ण झालेले सगळे महिने मिळवा आणि येईल ती तारीख शेवटच्या तारखेतून वजा करा.